सोळा दिवसांचं बोलणं

दुपारचे चार वाजले की सुचित्रा देसाई चहाचा कप बाजूला ठेवून फोन हातात घ्यायची. दोन हजार वीसचा एप्रिल होता. प्रभादेवीच्या त्या दोन खोल्यांत ती एकटीच होती. नवरा जाऊन तीन वर्षं झालेली, पूर्वी नावाची मुलगी बंगळुरूला अडकलेली. टाळेबंदी लागली तेव्हा मंडळाच्या अवधूत राणेंनी तिला सात नावांची यादी दिली. सगळी एकटी राहणारी म्हातारी माणसं.

"ताई, रोज दोन मिनिटं बोला फक्त," पन्नाशीचे राणे म्हणाले होते. "बोलत राहिलं की माणूस टिकतो."

यादीत तिसरं नाव दौलत परब यांचं. वय शहात्तर, लोअर परळच्या चाळीत दुसरा मजला. गिरणीत आयुष्य गेलेलं. पहिल्या दिवशी त्यांनी बायकोचं नाव तेवढं सांगितलं, तीही आता राहिली नाही, म्हणाले. त्यानंतर "हां" आणि "बरा आहे" यापलीकडे त्यांच्याकडून काही निघायचं नाही.

एप्रिल संपत आला आणि परब अचानक बोलायला लागले.

"बाई, तुम्ही जेवलात काय?"

ती जेवली नव्हती. त्या दिवसांत तिचं तिलाच काही कळेनासं झालं होतं. केस विंचरायचे राहून जात, बिस्किटांवर दिवस निघत, रात्र रात्र डोळा लागत नसे. सात जणांना धीर द्यायचा आणि फोन ठेवला की भिंतीकडे बघत बसायचं.

"उठा. भात टाका. मी थांबतो."

ती उठली. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत परब खरोखरच फोनवर थांबले.

मग हे रोजचंच झालं. आज आंघोळ केलीत का, खिडकी उघडलीत का, लेकीशी बोललात का. आठवड्याभरात तिला झोप लागायला लागली. लेकसुद्धा फोनवर म्हणाली, "आई, तुझा आवाज बदललाय. ऐकून बरं वाटतंय गं."

एक गोष्ट मात्र सुचित्राला खटकायची. तेव्हा कोणालाही फोन लावला तरी मागून काहीतरी ऐकू यायचंच. टीव्ही, कावळे, नाहीतर रुग्णवाहिका. परबांच्या मागे काहीच नसायचं. पंख्याची घरघरसुद्धा नाही. आणि हल्ली ते यादीतल्या इतरांची चौकशी करायचे. कोण एकटं आहे, कोणाला झोप येत नाही... नायगावच्या जाईबाईंबद्दल तर खोदून खोदून विचारायचे. जाईबाईंचा भाऊ नुकताच गेला होता, त्यांनी अन्न सोडल्यासारखं केलं होतं.

"नंबर द्या त्यांचा. आमच्या कोकणातल्याच त्या. बोलेन दोन शब्द."

सुचित्राने नंबर दिला. फोन ठेवल्यावर मात्र काहीतरी चुकलं असं तिला वाटत राहिलं.

नऊ मेच्या सकाळी अनोळखी नंबरावरून फोन आला.

"बाई, मी दौलत परब."

तोच घोगरा आवाज. पण मागे माणसांची गडबड होती, खोकला होता, ताटं आपटत होती.

"ताप आला म्हणून मला इथं अलगीकरण केंद्रात आणलं. घाईत फोन घरीच राहिला. आज मंडळाचा एक माणूस भेटला, त्याच्याकडून तुमचा नंबर घेतला. सोळा दिवस झाले... म्हटलं, बाई काळजी करत असतील. आता बरा आहे मी."

"परब, आपण काल बोललो ना?"

"काल? नाय बाई."

सुचित्राने विचारलं, "तुमच्या बायकोचं नाव काय?"

"नलू," ते लगेच म्हणाले. "तुम्हाला सांगितलं होतं की. असं काय विचारता?"

हे खरे परब. मग तो कोण? चोर, तिच्या मनात आलं. बंद घरातला फोन कोणीतरी उचलला, आणि आपण त्याला एकट्या म्हातारीचा नंबर देऊन बसलो.

तिने राणेंना बोलावून घेतलं. चाळ चौदा दिवस सील होती, परवाच उघडली होती, त्यामुळे राणेंनाही काही पत्ता नव्हता. दोघं चालतच लोअर परळला गेले. दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत चिटपाखरू नव्हतं. परबांच्या दाराला कुलूप, त्यावर तेवीस एप्रिलचा पालिकेचा कागद. चिकटपट्टी कुठेही फाटलेली नव्हती.

किल्ली शेजारच्या मनमोहन सावंतांकडे होती. ते तोंडाला रुमाल लावून बाहेर आले.

"कोणी आलं नाही. मी दिवसभर इथं दारातच बसलेला असतो. पण..."

"पण काय?"

"दुपारी आत कोणीतरी बोलतंय असं वाटायचं. म्हटलं, एकटं राहून आपल्याच डोक्यात येतंय काहीबाही. सांगणार कोणाला?"

त्यांनी दार उघडलं. ओल्या चुन्याचा कोंदट वास अंगावर आला. खिडकी आतून बंद होती. फोन फळीवर पडला होता. राणेंनी बटण दाबलं, पुन्हा दाबलं. फोनची बॅटरी पूर्ण उतरलेली होती.

"चार्ज कुठून असणार?" सावंत हळूच म्हणाले. "ते गेले त्याच दिवशी मेनस्विच मी बंद केला."

सुचित्राने तिथेच उभ्या उभ्या जाईबाईंना फोन लावला.

"जाईबाई, तुम्हाला परब नावाच्या कोणाचा फोन येतो का?"

"रोज येतो. देवमाणूस आहे गो. भाऊ गेल्यापासून माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. त्यानं बसवून जेवायला लावलं."

"आता तो फोन घेऊ नका. ऐकताय ना?"

"आत्ताच तर ठेवला. आज खुशीत होता. म्हणाला, 'बाई पहिल्यांदाच घरी आल्यात. मी उठून त्यांना खाटेवर जागा केली... पण बसल्याच नाहीत.'"

सुचित्राने मान वळवून खाटेकडे पाहिलं. छताचा चुना गळून चादरीवर सगळीकडे पांढरी भुकटी पडली होती. मधोमध, एका माणसाला बसायला लागते तेवढ्याच जागेत, भुकटी नव्हती.