शारदाचं कार्ड

मधुवंतीला डोक्यात काही ठेवायचा भारी कंटाळा. म्हणून तिने लॅपटॉपवर एक व्यवस्था उभी केली होती. एका गोष्टीचं एक कार्ड, आणि प्रत्येक कार्डापासून दुसऱ्या कार्डांकडे जाणारे धागे. वाचलेली पुस्तकं, डॉक्टरांचे सल्ले, ऑफिसातल्या मीटिंगा, सगळं त्यात. एक शब्द शोधला की त्याचे सगळे सगेसोयरे स्क्रीनवर हजर. शंतनु, तिचा नवरा, आल्यागेल्याला सांगायचा, "भिया, आमच्याकडे दिमाग अलमारीत असतो. लागला की काढतो." लोक हसायचे. तीही हसायची, पण आतून फुशारायची बरं का!

घरात एकच माणूस असं होतं, ज्याचं सगळं डोक्यातच होतं. भानुमावशी. आई गेल्यावर मधुवंतीला हिनेच वाढवलं. आता वय झालेलं, पण स्नेहलतागंज मोहल्ल्यातल्या कुणाची मुलगी कुठे दिली ते विचारा, खटकन उत्तर. हे सगळं मावशीबरोबर जाईल, असं मधुवंतीला वाटलं. चांगल्या मनानेच वाटलं, नाही कशाला म्हणा. ती रविवारी दुपारी मावशीच्या पलंगापाशी लॅपटॉप घेऊन बसायला लागली.

पहिलं कार्ड गराडूच्या, म्हणजे तळलेल्या कंदाच्या, मसाल्याचं. पुढच्या रविवारी तिने सहज विचारलं, "मावशी, त्या मसाल्यात लौंग भाजून घालायची की कच्चीच?"

"कुठल्या मसाल्यात, बेटू?"

वय झालं, म्हणून तिने ते सोडून दिलं. मग लग्नाचं कार्ड झालं. मावशीच्या नवऱ्याची, अच्युतकाकांची, वरात वाटेत बेटम्याला टायर फुटून अडकली आणि मावशी मांडवात उपाशी बसून राहिली, हे तिने हसून हसून सांगितलं. थोड्याच दिवसांनी जेवताना शंतनु अच्युतकाकांचं काहीतरी बोलला, तर मावशी घास हातात धरून म्हणाली, "अच्युत… नाव छान आहे हं. कोण आहेत ते?"

त्या क्षणी मधुवंतीला कळलं, कार्डात उतरलं की ते मावशीच्या डोक्यातून जातं. शंतनु डॉक्टरांचा नंबर शोधायला लागला आणि हिने कार्डांचं त्याला सांगितलंच नाही. आणि तरीही, तुम्ही तिला नावं ठेवाल, ठेवा, पुढच्या रविवारी ती परत बसली. धागे इतके सुंदर जुळत होते! आणखी एकच, आणखी एकच, म्हणत तिने मावशीचं माहेर, शाळेतली नोकरी, गाणी, सगळं उतरवून घेतलं. मावशी तासन्‌तास पंख्याकडे बघत पडून राहायला लागली, तेव्हा कुठे हिने लॅपटॉप बंद करून आतल्या खोलीतल्या अलमारीत साड्यांखाली दडपला. मन खात राहिलं ते राहिलंच.

पण आईचं कार्ड अजून केलं नव्हतं, आणि एक विचारायचं राहिलं होतं. आई, शारदा, गेली तेव्हा मधुवंती अगदी लहान. शेवटच्या दिवशी आईजवळ फक्त मावशी होती, आणि त्याबद्दल तिने कधी चकार शब्द काढला नव्हता. 'मी लिहिणार नाही,' मधुवंतीने स्वतःला बजावलं. 'नुसतं ऐकेन. ऐकण्यात काय पाप आहे?'

मे महिन्यातली दुपार. लाइट गेलेली, कूलर बंद पडलेला, खोलीत ओल्या खसचा, वाळ्याचा वास कोंडलेला. रस्त्यावर चिटपाखरू नाही. फोनसुद्धा तिने मुद्दाम स्वयंपाकघरात ठेवून दिला. समोर भिंतीवर आईचा फोटो होता.

"मावशी… जाताना आई काही म्हणाली होती का गं?"

मावशीने फोटोकडे पाहिलं. डोळे भरून आले तिचे. "म्हणाली ना. मी तुझ्या वेण्या घट्ट घालायची, त्यावरून रागावली माझ्यावर. 'ताई, मधूच्या वेण्या सैल घाल. डोकं दुखतं तिचं, पण ती सांगत नाही.' बस… इतकंच. मग मुँह फेर लिया."

मधुवंतीला हुंदका फुटला. तिने मावशीचा हात घट्ट धरला. इतक्या वर्षांत आई एवढी जवळ कधी आली नव्हती.

आणि आतून आवाज आला. टक… टक टक… टक.

कुणीतरी टाइप करत होतं. घरात या दोघींशिवाय कुणी नव्हतं.

ती आत गेली. आवाज अलमारीतून येत होता. तिने दार उघडलं, साड्या भराभर बाजूला फेकल्या. लॅपटॉपचं झाकण बंदच होतं, चार्जर काढून तर कितीतरी दिवस झालेले. झाकण उचलताच आवाज थांबला. स्क्रीन लख्ख. नवं कार्ड होतं, शारदा. आत वेण्यांचं वाक्य, जसंच्या तसं. त्यातून निघालेले धागे लग्नाला, माहेराला, पार गराडूपर्यंत गेलेले.

"नाही… हे तिचं आहे," ती पुटपुटली. "हे तरी तिला राहू दे…"

पुसून टाकलं तर मावशीला परत मिळेल, असं तिला वाटलं. खात्री कुठे होती? पण हात थांबले नाहीत. तिने कार्ड पुसलं. पुसलेल्या कार्डांचा डबाही रिकामा केला, आणि धावत बाहेर आली.

मावशी उठून बसली होती. चेहरा अगदी शांत. तिने भिंतीकडे बोट दाखवलं. "या कोण गं, बेटू? चेहरा किती गोड आहे!"

मधुवंतीने फोटोकडे पाहिलं. हार घातलेला, म्हणजे कुणी गेलेली बाई. साधी साडी, नाक जरासं आपल्यासारखंच. कोण बरं? तिने डोक्याला खूप ताण दिला. या बाईचा आपण फार मोठा अपराध केलाय, एवढं मात्र तिला कळत होतं. डोळ्यांतलं पाणी खळत नव्हतं. पण ही बाई कोण, ते काही केल्या आठवेना.

"थांब हं मावशी… बघते. माझ्याकडे असेल कुठेतरी."

ती पुन्हा आत गेली, लॅपटॉपसमोर बसली, शोधायच्या चौकटीवर आली आणि तशीच थांबली. शोधायचं काय? नाव कुठलं टाकायचं?

तेवढ्यात चौकटीत आपोआप अक्षरं उमटायला लागली. सावकाश, अडखळत.

'मधू… अगं, मी…'

मधुवंतीने ती अक्षरं पुन्हा वाचली. आपल्याला मधू म्हणणारं कधी कुणी होतं, असं तिला आठवत नव्हतं.