खाडीवाल्याचा दगड

पास्कलचा फोन आला तेव्हा विद्याधर चहा गाळत होते. हात अजून सवयीने दोन कप काढायचा.

"साहेब, दगड गेला," पास्कल म्हणाला.

"कुठला दगड?"

"खाडीवाल्याचा. सकाळी वाडीत गेलो तर जागा रिकामी. तुम्ही शनिवारी वहिनींचं घेऊन येणार होता ना, म्हणून आधी तुम्हाला सांगतो. आजच या. तुम्ही कस्टममधले, तुम्हाला चोर कळतात."

विद्याधरांनी गॅलरीकडे पाहिलं. तिथे खिळ्याला लहान तांब्या टांगलेला होता, तोंडाला पांढरं फडकं बांधलेला. सुगंधा जाऊन वर्ष होत आलं होतं. बाकीच्या अस्थी नाशिकला सोडल्या. या मूठभर मागे ठेवायला तिनेच जाण्याआधी सांगितलं होतं. "त्या दगडापाशी ठेवा. हसू नका." ते हसले नव्हते. हो म्हणाले होते.

खाडीवाला कधी जन्मलाच नव्हता. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या एका सिनेमातला तो स्मगलर. शेवटच्या सीनसाठी गोराईत, पास्कलच्या बापाच्या वाडीत, त्याचं थडगं उभारलं, मातीवर उभा केलेला एक दगड. शूटिंगवाले गेले, थडगं राहिलं. लोक यायला लागले. मेणबत्त्या लावायचे, हार वाहायचे, पेटवलेली सिगारेट ठेवायचे. नट वारला, थिएटरं पडली, तरी लोक येतच राहिले. दगडावर त्याचा डायलॉग होता: भरतीला येईन. सिनेमात त्याला पोलिसांचा हात कधी लागत नाही. म्हणून त्या दगडाला कोणी हात लावायचा नाही, दोरीबाहेरून नमस्कार करायचा, असा नियम आपोआप पडून गेला.

विद्याधर सुगंधाला चिडवायचे. "दिवसभर स्मगलरांच्या मागे पळायचं आणि घरी येऊन पुन्हा स्मगलरच ऐकायचा."

"तुम्ही पकडता ते चोर."

"मग हा कोण?"

"हा येईन म्हणतो आणि येतो."

बोरिवलीच्या धक्क्यावर शेवंती नेहमीच्या जागी बसली होती. सकाळी ती इथे फुलं विकायची, दुपारी फेरीने पलीकडे वाडीत जायची. कपाळाला मोठं कुंकू, गळ्यात काळी पोत. नवरा गल्फला असतो, असं सगळ्यांना माहीत होतं. टोपलीत झेंडू आणि गुलाब. एरवी एका कोपऱ्यात ओल्या फडक्यात सुरंगीच्या पिवळ्या फुलांचा वळेसर, म्हणजे गजराही असायचा. सुगंधाने तो एकदा मागितला होता. "ह्यो इकूचो नाय गो बाय," शेवंती म्हणाली होती. "ह्यो घरच्या माणसाचो."

"हार देव?" तिने आज विचारलं.

"दगडच नाही, हार कशाला?"

"जागा आसा मा," ती म्हणाली आणि झेंडू बांधू लागली.

वाडीत पास्कल आणि ओजस भांडत होते. ओजस तिशीचा. खाडीवाल्याचा फॅन क्लब तो चालवायचा. सिनेमा त्याने फक्त मोबाईलवर पाहिला होता.

"काका, वाट लागली ना," तो म्हणाला. "रविवारी इथे फायबरचा पुतळा बसतोय. बंदूक, सिगार, सगळं झकास. दगड माझ्या अंधेरीच्या कॅफेत जाणार होता. पास्कल अंकलनी विकला. चार माणसं आणि टेम्पो आणला असेल, उत्तनच्या रस्त्याने."

"अरे येड्या, तुला फुकट देणार होतो. विकायचा असता तर तुला हो म्हटलं असतं का?"

विद्याधर दोरी ओलांडून आत गेले. दोघंही दचकले. त्या दोरीच्या आत कोणी जात नसे.

"ओजस, दगड तू कधी उचलून पाहिलास?"

"हात लावायचा नाही ना, काका."

"मग चार माणसं लागली हे कशावरून?"

विद्याधर खाली वाकले. जिथे दगड उभा होता तिथे मातीत एक आडवी रेघ होती, हातभर लांब. खोली बोटाच्या पेरापेक्षा कमी. ओढल्याची खूण नाही. काठावर पांढरी भुकटी आणि रंगाचा एक जाड पोपडा. त्यांनी तो नखाने सोलला. थरावर थर निघत गेले.

"याला रंग कोण द्यायचं?"

"ओजसची पोरं," पास्कल म्हणाला.

"आम्ही? आम्हाला वाटायचं तुम्ही देता."

विद्याधरांनी पोपडा खिशात टाकला.

पैशाची पेटी भरलेली आणि कुलूपबंद होती. कालची फुलं जागेभोवती नीट मांडलेली. आणि मधोमध, उघड्या मातीवर, पिवळी वाळत आलेली फुलं दोऱ्यात ओवून ठेवलेली. विद्याधरांनी हात लावला नाही. वास उभ्या उभ्याच आला. थडगं नाही, आत माणूस नाही, आणि कोणीतरी रिकाम्या मातीची पूजा करून गेलं होतं.

पास्कलला बरोबर घेऊन परतताना फेरीवर त्यांनी तिकीट फाडणाऱ्या चंद्रप्रकाशला गाठलं.

"काल संध्याकाळी या होडीतून दगड गेला का?"

"काय साहेब. दगड दिसला नसता?"

"मग काय काय गेलं?"

"पिकनिकवाल्यांच्या बॅगा. दोन कोंबड्या. शेवंतीमावशीची फुलांची टोपली."

"भरलेली?"

"वरपर्यंत. गिऱ्हाईक नव्हतं म्हणाली."

"उरलेली फुलं ती घरी नेते?"

"छे. रोज खाडीत सोडते. पाण्याशी काहीतरी बोलते पण."

संध्याकाळी विद्याधर आणि पास्कल चारकोपला शेवंतीच्या खोलीवर गेले. दार उघडंच होतं. आत देवांच्या शेजारी, भिंतीला टेकून, दगड उभा होता. समोर पणती. शेवंती दचकली नाही. दोघांना पाणी दिलं आणि खाली बसली.

"बोला," ती म्हणाली.

"हा दगड नाहीच," विद्याधर म्हणाले. "प्लास्टर आहे, आत लाकडी पट्ट्या. सिनेमावाले वस्तू उचलायला हलकी करतात. मातीत ती रुतलीही नव्हती. पण हात लावायचा नाही म्हटल्यावर वजन कोणाला कळणार? सगळे चार माणसं शोधत बसले. नेणारं माणूस एकटं होतं, आणि फुलांखाली टोपलीत ओझं लपवून डोक्यावर नेणारं होतं."

पास्कल दगडाकडे बघत होता.

"समुद्राच्या हवेत प्लास्टर इतकी वर्षं टिकत नाही. कोणीतरी दर पावसाळ्याआधी त्याला तेलरंग देत होतं. पास्कलला वाटायचं ओजस देतो, ओजसला वाटायचं पास्कल, म्हणून कोणी चौकशी केली नाही. पेटीला हात लागला नाही, म्हणजे चोर पैशासाठी आला नव्हता. फुलं बाजूला काढून परत मांडली होती. आणि मधे सुरंगी ठेवली होती. खाडीवाल्याला सगळे झेंडू वाहतात. सुरंगी घरच्या माणसाची, हे तुम्हीच माझ्या बायकोला सांगितलं होतं. पुतळा बसला की हा कॅफेत जाणार, म्हणून तुम्ही आधीच आणलात. आणि रोज खाडीच्या पाण्याशी बोलता. शेवंतीबाई, तुमचे यजमान गल्फला नाहीत."

शेवंतीने पणतीची वात पुढे सारली.

"गिरण बंद पडली," शेवंती म्हणाली. "माजो घोव, धोंडू, होडयेर जावक लागलो. चोरट्या मालाचे पेटये उतरवूक. एक दिस म्हणालो, भरतेक येतंय. सिनेमात म्हणतत तसाच. मिया हसलंय."

"होडी सापडली?"

"होडी नाय. मानूसय नाय."

"तक्रार केलीत?"

"कोणाकडे? तुमच्याकडे?" आवाजात राग नव्हता. "सिनेमातल्याक थडगा गावला, आत मानूस नाय. माज्याक थडगा नाय. मिया दोनय एक केलंय. लोक त्येका हार घालीत. ते माज्याक पोचत."

"मावशी, मला सांगायचं ना," पास्कल म्हणाला.

"सांगान काय? पुतळो थांबवतलंस?"

पुतळ्याला होकार पास्कलनेच दिला होता.

विद्याधरांनी दगडावर तळवा टेकवला. आतून पोकळ आवाज आला. हा येईन म्हणतो आणि येतो. घरात सुगंधाचा चष्मा अजून टीव्हीवर होता.

"आपण पोलिसात जाऊ," ते म्हणाले. "याच्यासाठी नाही. धोंडूसाठी. बेपत्ता म्हणून नोंद करू. मी येतो बरोबर."

"आदी तुमच्या बायलेचा करा. हडे हाडा तिका."

सुगंधाच्या अस्थींचं तिला पास्कलकडून कळलं होतं, पण त्या इथे आणायला विद्याधर नाही म्हणाले. सुगंधाने मागितला होता तो खाडीकाठचा दगड, खोलीत भिंतीला टेकलेला नाही.

पास्कलने ओजसला सांगितलं की दगड समुद्राने नेला. ओजसने ते क्लबच्या पानावर टाकलं. भरतीला तो स्वतः आला आणि आपला दगड घेऊन गेला, असं लोक लिहू लागले. रविवारी पुतळा बसला तेव्हा कधी नव्हे एवढी गर्दी होती. दोरी बांधायच्या आधीच लोक हात मागे घेऊन उभे राहिले.

दगडाच्या चोरीची तक्रार ओजसने पहिल्याच दिवशी नोंदवली होती. धोंडूची अजून नोंदवायची आहे. तांब्या गॅलरीत खिळ्यालाच आहे.