हनुवटीवरची दोन बोटं

लेन्सना मार्क देणं हा त्याचा धंदा, म्हणून फोटोग्राफीच्या मासिकाच्या कचेरीत सगळे त्याला मास्तर म्हणायचे. नवी लेन्स बाजारात आली की खोक्यासकट त्याच्या घरी यायची, चार-आठ दिवस मुक्काम ठोकायची आणि दहापैकी साडेसात नाहीतर आठ घेऊन परत जायची. दहापैकी दहा त्यानं आजवर कुणालाच दिले नव्हते. स्वतःच्या लग्नालाही नाहीत, असं त्याची बायको आल्यागेल्याला हसत सांगायची.

त्याची पद्धत ठरलेली होती. आधी भिंतीवर चिकटवलेला रेघांचा तक्ता, मग कपड्यांच्या दुकानातून आणलेलं पुतळ्याचं प्लास्टिकचं डोकं, आणि शेवटी जिवंत चेहरा. जिवंत चेहरा म्हणजे बायको. एकोणीस वर्षं, एकशे बारा लेन्स आणि चेहरा तोच. सकाळी अकरा वाजता ती खिडकीपाशी स्टुलावर बसायची. तो दोन बोटांनी तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवायचा आणि कॅमेऱ्याकडच्या डोळ्यावर फोकस धरायचा. दर वेळी वेगळा चेहरा घेतला तर तुलना कशाची करायची, असं त्याचं म्हणणं. तिचं म्हणणं असं की, हात लावायला या माणसाला दुसरं निमित्त सुचत नाही, तर हेच बरं. मोठे करून बघितलेले फोटो मात्र तिनं कधी पाहिले नाहीत. एवढ्या जवळून मी स्वतःला आरशातसुद्धा बघत नाही, म्हणायची.

एकशे तेरावी लेन्स पोर्ट्रेटची होती. जाडजूड, वजनदार, पुढची काच चहाच्या बशीएवढी. अशा लेन्सला फास्ट म्हणतात. ती इतकी मोठी उघडते की ढगाळ दिवशीही उजेडाची ददात नसते, पण पूर्ण उघडल्यावर फोकसचा पट्टा अगदी पातळ होतो. पापण्या शार्प आल्या तर कान धूसर होतो. तक्त्यावर तिनं कमाल केली. पार कोपऱ्यातल्या रेघासुद्धा सुट्या सुट्या दिसत होत्या. प्लास्टिकच्या डोक्यावरही काही खोट सापडेना. मास्तरनं संपादकाला फोन करून सांगितलं, की या वेळी कदाचित दहा द्यावे लागतील. संपादक म्हणाला, शुक्रवारपर्यंत काय ते कळवा.

सोमवारी बायकोचे फोटो काढून झाले आणि तो दुपारी ते पडद्यावर मोठे करून बघायला बसला. पापण्या एकेक मोजून घ्याव्यात अशा आल्या होत्या. फक्त डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात, ओलसर गुलाबी मांस असतं तिथं, राखाडी रंगाचा एक बारीक धागा उभा होता. टॉवेलचा असेल, असं म्हणून त्यानं तो सोडून दिला.

मंगळवारी त्यानं तिला तोंड धुऊन बसायला सांगितलं. धागे सहा झाले होते. ते नाकाशेजारच्या घडीतून वर आले होते आणि मुळाशी ओले होते. शिळ्या पावावर येते तसली लव होती ती. त्यानं चित्र आणखी मोठं केलं. त्या जागेची कातडी सुजून मऊ पडली होती. बोट लावलं तर आत जाईल अशी.

पण मास्तर कसला हार मानतो! लेन्सला बुरशी धरते, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. दमट कपाटात राहिलेल्या लेन्सच्या आत कोळिष्टकासारखे तंतू पसरलेले त्यानं कितीदा पाहिले होते. टॉर्चचा झोत आरपार टाकून त्यानं ही लेन्स पाहिली. काच लख्ख होती. अ‍ॅपर्चर चारवर आणून, म्हणजे लेन्स थोडी मिटवून, पुन्हा फोटो काढला. बायकोचा चेहरा नेहमीसारखा आला, कपाळावरच्या आठीसकट. पूर्ण उघडून काढला की लव परत हजर. तीसुद्धा फक्त फोकसच्या पट्ट्यात. धूसर भागात तिचा गाल लोण्यासारखा दिसत होता.

त्या दिवशी फोटो काढून झाल्यावर त्यानं ती दोन बोटं साबणानं तीनदा धुतली. धुताना स्वतःचीच लाज वाटली, पण धुतली.

जेवताना तिनं उकडलेलं अंडं सोललं आणि त्याच्या ताटात अर्धं ठेवलं. नेहमीचंच होतं ते. तिच्या बोटांचा ओलावा अंड्यावर चमकत होता. त्यानं ते ताटाच्या कडेला सारलं. ती चावत असताना तिच्या ओठांच्या कोपऱ्याकडे त्याची नजर सारखी जात होती, आणि तिथं काहीही नव्हतं. पोट बरं नाही, असं सांगून तो उठला. त्यानं आपला टॉवेल तिच्या टॉवेलशेजारून काढून दारामागच्या खिळ्यावर टाकला.

बुधवारी तो लेन्स घेऊन मेव्हण्याकडे गेला. बायकोचा हा धाकटा भाऊ कॅमेरे दुरुस्त करायचा. त्यानं लेन्सचे सगळे भाग उघडले, एकेक काच दिव्याखाली धरली आणि पुन्हा बसवली. मास्तरनं त्याचाही फोटो काढला, पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला. दाढीचे खुंट, नाकावरची छिद्रं, सगळं जिथल्या तिथं. लव नव्हती.

"भाऊजी, लेन्समध्ये काही नाही," मेव्हणा हात पुसत म्हणाला. "ताई बरी आहे ना?"

बरी आहे म्हणून तो घरी आला. आता फोटो काढायचेच नाहीत, असं त्यानं वाटेत ठरवलं होतं. पण एकोणीस वर्षांची खोड एका दिवसात थोडीच जाते?

गुरुवारी अकरा वाजता ती स्टुलावर बसली तेव्हा त्यानं हनुवटीला हात लावला नाही. जरा डावीकडे, जरा वर, असं लांबूनच सांगितलं. ती सांगितल्याप्रमाणे वळत राहिली. पडद्यावर लव खालच्या पापणीवर सगळीकडे पसरली होती. तिच्या मुळांशी पिवळट पाणी साचलं होतं. एका फोटोत धागे खिडकीकडे झुकले होते. पुढच्या फोटोत ते कॅमेऱ्याकडे वळले होते. दोन फोटोंत अंतर होतं एका सेकंदाचं.

तो बेसिनपाशी जाऊन ओकला.

दुपारी तिचा डोळा लागला. टेबलावरचं भिंग घेऊन तो तिच्या उशाशी वाकला. डोळ्याचा कोपरा, नाकाची घडी, खालची पापणी, सगळं त्यानं इंच-इंच पाहिलं. कातडी कोरडी, स्वच्छ होती. गालावर उशीचा वळ उठला होता आणि कानाच्या पाळीपाशी तीळ होता, जो त्यानं लग्नाच्या आधी पहिल्यांदा पाहिला होता. या बाईवर आपलं फार प्रेम आहे, हे त्याला त्या क्षणी अगदी नक्की कळलं. तिच्या श्वासाची ऊब भिंगावर आली आणि तो शिसारी येऊन मागे सरकला.

तिचे डोळे उघडे होते.

"काय शोधताय?" तिनं विचारलं.

"काही नाही. झोप."

"तीन दिवस झाले, माझ्याकडे बघितलं की तुमचं तोंड वाकडं होतं. टॉवेल हलवलात. आज हनुवटीलाही हात लावला नाहीत." तिचा आवाज चढला नव्हता. "मला काही झालंय का? झालं असेल तर सांगा. मी दुसरीकडून ऐकायला नको."

त्यानं लेन्सचा दोष आहे म्हणून सांगितलं. मेव्हण्याला सापडला नाही, हे सांगितलं नाही.

शुक्रवारी अकरा वाजता तिनं स्टूल स्वतःच खिडकीपाशी ओढलं.

"आज तुम्ही बसा," ती म्हणाली. "मी काढते. दोष लेन्सचा असेल तर तुमच्यावरही दिसेल."

नाही म्हणायला तोंड कुठं होतं? तो बसला. तिनं दोन बोटांनी त्याची हनुवटी धरली आणि चेहरा उजेडाकडे वळवला, अगदी तो वळवायचा तसा. तिची बोटं गरम होती. चार दिवसांत पहिल्यांदा त्याला बरं वाटलं. तिचा हात तिथंच राहावा, असं वाटलं.

"डोळा हलवू नका."

एकच फोटो काढला तिनं.

मग कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर तो मोठा केला. आणखी मोठा केला. बटण दाबल्याचा आवाज त्यानं सात वेळा ऐकला.

तिच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही.

"छान आलाय," ती म्हणाली. तिनं फोटो पुसून टाकला, कॅमेरा टेबलावर ठेवला आणि आत गेली.

त्यानं पुन्हा पुन्हा बटणं दाबून पाहिली. फोटो नव्हता.

आतून नळाचा आवाज आला. बंद झाला, पुन्हा सुरू झाला. पुन्हा बंद झाला, पुन्हा सुरू झाला.

तो बेसिनपाशी गेला तेव्हा ती मागच्या दारानं घराबाहेर निघून गेली होती. जाताना तिनं आपला टॉवेल बरोबर नेला होता.

साबण ओला होता. पांढऱ्या साबणावर राखाडी रंगाचा एक बारीक धागा चिकटला होता.

तो तिच्या बोटांचा, की आपल्या हनुवटीचा, हे त्याला सांगता येईना. तो खाली वाकला, तसा धागा त्याच्या बाजूला वळला.