शाल्मलीची चप्पल आणि वरातीमागून घोडं

"गाय कुठे दूध पिते? सांग!"

शाल्मलीने हे इतक्या जोरात विचारलं, की बाबांच्या पेल्यातली सायही दचकली. समोर उभा होता वाढपी, त्यांच्या स्वयंपाकघरातला रोबो. हा प्रश्न त्याला विचारायची पैज शाळेतल्या मैत्रिणींनी लावली होती. "त्याची बोलती बंद झाली, तर महिनाभर तुझं दप्तर आमच्या खांद्यावर!"

वाढपी पोळ्या लाटायचा, ताटं वाढायचा, सगळ्यांच्या तब्येतीवर लक्ष ठेवायचा. पण बनवणाऱ्यांनी त्याच्यात सगळ्यात जास्त काय भरलं असेल, तर पंगतीतला आग्रह! "घ्या हो, अर्धी वाटी. माझी शपथ!" गेल्या वर्षी काकांच्या गोठ्यात आईपासून लांब बांधलेलं वासरू आणि दिवसभर हंबरणारी गाय पाहून शाल्मली वीगन झाली होती (म्हणजे दूध, दही, तूप, अंडी, मध असं प्राण्यांकडून येणारं काहीच न खाणारी). तेव्हापासून दह्याची वाटी रोज तिच्या पुढ्यात सरकायची आणि ती रोज रागाने मागे ढकलायची.

"मोठी गाय दूध पीत नाही, अंडं खात नाही," शाल्मली कडाडली. "नुसतं गवत! तिला कुणी म्हणतं का, 'थोडं दही घे गं बाई'? मग माझ्याच मागे का लागता सगळे?"

"उत्तर देतो, शाल्मलीताई. पण तुमची उजवी चप्पल कुठाय?"

शाल्मलीने खाली पाहिलं. उजवा पाय अनवाणी! चप्पल पार तिकडे दारात पडली होती. पायातून कधी निसटली, तिला कळलंच नव्हतं.

तिने अनवाणी पाय चटकन मागे घेतला. कारण गेले काही आठवडे ती एक गोष्ट लपवत होती. दोन्ही पायांच्या बोटांना मुंग्या यायच्या. शाल्मली दोरीच्या मल्लखांबातली शाळेची हुकमी खेळाडू. त्यात दोरी पायाच्या अंगठ्याच्या आणि शेजारच्या बोटाच्या चिमटीत पकडायची असते, आणि काल दोरी चिमटीत आहे की नाही, हेच तिला कळलं नव्हतं. ती घसरली. मल्लखांब शिकवणाऱ्या पाटणे मॅडमना तिने सांगितलं, "घाम आला होता." येत्या रविवारी राज्याच्या संघाची निवड होती ना!

चपलेने बिंग फोडलं होतं; आता तिला सगळंच सांगावं लागलं.

"मुंग्या येतात आणि तू गप्प?" आई ओरडली.

"झालं समाधान?" बाबा गरजले. "म्हणत होतो, सोड ते वीगनचं खूळ! उद्यापासून मुकाट्याने दूध प्यायचं."

"नाही पिणार!"

वाढपीने आपलं सुईचं बोट पुढे केलं. वर्षभर शाल्मलीने त्याला रक्ताचा थेंब घेऊ दिला नव्हता. आज दिला. त्याच्या छातीवरच्या पडद्यावर आकडे उमटले. कोलेस्टेरॉल (रक्तातला एक स्निग्ध पदार्थ, फार वाढला तर हृदयाला त्रास देणारा) छान आटोक्यात. बी-ट्वेल्व्ह मात्र तळाला.

"आपल्या नसांवर विजेच्या तारेसारखं आवरण असतं," वाढपी म्हणाला. "ते टिकवायला बी-ट्वेल्व्ह हे जीवनसत्त्व लागतं. ते कमी पडलं, की पायांचे मेंदूकडे जाणारे निरोप अडखळतात. म्हणून मुंग्या, म्हणून चप्पल."

"गाईचं काय ते सांग!"

"बी-ट्वेल्व्ह गाय बनवत नाही आणि गवतही नाही. बनवतात जिवाणू (नुसत्या डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव). गाईच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात ते राहतात. तिथे तयार झालेलं पुढे लहान आतड्यात रक्तात शोषलं जातं."

"मग माझ्या पोटात नाहीत जिवाणू?"

"भरपूर आहेत. बी-ट्वेल्व्हही बनवतात. पण ते मोठ्या आतड्यात. शोषायची जागा तर मागे लहान आतड्यातच राहिली."

शाल्मलीने चुटकी वाजवली. "म्हणजे वरातीमागून घोडं!"

"अगदी तसंच, ताई."

ती हसणार होती, पण तेवढ्यात तिला विज्ञानाच्या तासाचं आठवलं. "थांब. बी-ट्वेल्व्हचा साठा यकृतात असतो आणि तो काही वर्षं पुरतो. माझा एका वर्षात कसा संपला?"

"भरलेला असता, तर पुरला असता."

शाल्मलीने मान गर्रकन वळवली. "म्हणजे मी दूध प्यायचे, तेव्हाही तो भरलेला नव्हताच! बाबा, बोट पुढे करा."

"मला काय धाड भरलीय? मी रोज दूध पितो!"

"द्या हो, एकच थेंब," वाढपी म्हणाला. "माझी शपथ!"

बाबांचा आकडा लेकीपेक्षा जेमतेम वर होता. आईचा काठावर. एका पेल्याने सगळ्यांचंच भागतं असं नाही, वाढपी सांगत होता, काहींच्या शरीरात ते नीट शोषलंही जात नाही. बाबांनी ओठांवरची दुधाची मिशी हळूच पुसली.

आता शाल्मलीचा राग वाढपीवर फुटला. "तुला हे सगळं माहीत होतं! मग वर्षभर नुसती वाटी का सरकवलीस?"

"मी आग्रह करत होतो."

"आग्रह म्हणजे सांगणं नव्हे! घे, घे, घे! आई तेच, बाबा तेच, तूही तेच! का घे, ते एकानेही सांगितलं नाही!"

"आणि मुंग्यांचं तुम्हीही सांगितलं नाहीत, ताई."

हे मात्र तिला झोंबलं. ती लंगडी घालत दारापर्यंत गेली, चप्पल घातली आणि अंगठा घट्ट दाबून पाहिला. बधिर.

"गोळीतलं बी-ट्वेल्व्ह कुठून येतं?" तिने हळू विचारलं.

"जिवाणूंकडूनच. मोठ्या टाक्यांत वाढवतात त्यांना. मधे गाय नाही, वासरूही नाही. वेळेत उपचार झाले, तर नसा बहुधा सावरतात. हळूहळू."

शाल्मली वळली. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज खणखणीत.

"आई, बाबा, ऐका. रविवारी मी निवडीला जाणार नाही. बधिर पायांनी दोरीवर चढायचं नसतं. मॅडमना खरं कारण मीच सांगीन. उद्या आपण तिघंही डॉक्टरांकडे जाऊ, ते देतील ती इंजेक्शनं आणि गोळ्या मी घेईन, कायमच्या लागल्या तरी. दूध पिणार नाही. पुढच्या वर्षी दोरी माझ्या चिमटीत असेल, बघाच! आणि आजपासून या घरात आधी 'का' वाढायचं. वाटी नंतर."