सात वाजताची तक्रार

"कॉम्प्युटरच्या मागे वायर जिथे घुसते ना, तिथे एक बारका दिवा आहे. तो लागलाय का बघा, सर."

"मागे... थांबा हं."

खुर्ची सरकली. मग टेबलावर काहीतरी दाणकन आपटलं आणि पलीकडचा माणूस 'आई गं!' म्हणाला.

"लागलं का?" अनुपमाने विचारलं.

"दिवा?"

"डोकं."

तो हसला. मोकळं, जरासं लाजलेलं हसू. सोमवारची संध्याकाळ होती आणि सकाळपासून अनुपमाच्या कानात चौतीस माणसं ओरडली होती. हसणारा हा पहिलाच.

मुलुंड पूर्वेला एका दुकानाच्या माळ्यावर त्यांचं इंटरनेटचं ऑफिस होतं. आसपासच्या दोनशे इमारतींत त्यांच्या वायरी गेलेल्या. कुणाचं नेट बंद पडलं की फोन इथे येई, आणि अनुपमा किंवा तिच्या शेजारी बसणारी राधा तो उचलत. अनुपमाचं वय सव्वीस. राहायला भांडुपच्या चाळीत, आईवडील मूळचे मालवणकडचे. तिची एक रीत होती. बोलता बोलता ती गिऱ्हाइकाला हळूच टेबलाखाली उतरवत असे.

"आता वायर बाहेर काढा," ती म्हणाली. "परत आत ढकला. 'टक' असा आवाज येईल. तो आल्याशिवाय मला सांगू नका."

टक.

"आला. पण दिवा नाही लागला."

"कॉम्प्युटर बंद करून चालू करा."

केला. दिवा मेलेलाच. खाली गल्लीत श्रावणाची सर आली आणि गेली. आणि मग, कुणी काही न करता, तो एकदम म्हणाला, "अहो... लागला! हिरवा!"

अनुपमाने घड्याळ पाहिलं. सात वाजून वीस मिनिटं.

"आणखी काही मदत हवी आहे का, सर?" हे वाक्य ऑफिसने शिकवलेलं. ते म्हटल्याशिवाय फोन ठेवायचा नाही.

"हवी आहे. सर म्हणू नका. निहार म्हणा."

"आमच्याकडे सर म्हणावंच लागतं, निहार सर."

*

मंगळवारी सात वाजून पाच मिनिटांनी पुन्हा निहार. पुन्हा दिवा, पुन्हा टक, पुन्हा टेबलाखाली. या खेपेला डोकं वाचलं. वीस मिनिटांनी नेट आपोआप परत.

"दिवसभर छान असतं हो," तो म्हणाला. "सात वाजले की जीव सोडतं. माझ्यावर राग आहे का तुमच्या वायरीचा?"

"वायरीला राग नसतो, सर. माणसांना असतो."

"तुम्हाला आलाय?"

"मला पगार मिळतो," अनुपमा म्हणाली, आणि राधाने तोंडावर हात दाबला.

मग त्याने खरी अडचण सांगितली. तो घरी बसून गणित शिकवायचा. मस्कतला राहणारी सहा मराठी मुलं, सोमवार-बुधवार-शुक्रवार, बरोबर सात वाजता. शिकवणीच्या कंपनीची अट होती की वायरीचंच नेट हवं, मोबाइलचं चालणार नाही. तसाही त्या घरात मोबाइलला बोलण्यापुरतीच रेंज. कालचा तास बुडाला होता. आठवड्यात तीन बुडाले की मुलं दुसऱ्या मास्तराकडे जाणार.

"जाऊ द्यायची नाहीत मला," तो हळू आवाजात म्हणाला. "त्यातली एक आहे... छोटी. अपूर्णांकाला घाबरून रडायची. आता मलाच कोडी घालते."

अनुपमाने तक्रार दशरथकडे दिली. दशरथ म्हणजे शिडी आणि वायरीचं भेंडोळं घेऊन इमारती फिरणारा त्यांचा माणूस. तो बुधवारी सकाळी अकराला जाऊन आला.

"सगळं झकास आहे, मॅडम. पॅसेजमधला डबा बघितला, कॉम्प्युटर बघितला, दहा मिनिटं बसून राहिलो. घरातल्या म्हातारीने चहा पण दिला. नेट तुरुतुरु पळतंय."

"संध्याकाळी जाऊन बघ ना रे."

"संध्याकाळी मी घाटकोपरला. एकटा माणूस, किती ठिकाणी फाटणार?"

बुधवारी सात वाजून चार मिनिटांनी निहारचा दुसरा तास बुडाला. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, तशी गत झाली होती. वायर तपासली, कॉम्प्युटर तपासला, आणि दुखणं भलतीकडेच कुठेतरी बसलेलं.

त्या दिवशी निहार हसला नाही. "शुक्रवार आहे अजून," एवढंच म्हणाला. अनुपमा त्या रात्री भाकरी मोडत नुसती बसली, तेव्हा आईने विचारलं, "काय झाला गो? कोणाची काळजी करतंस?"

"एका वायरीची," ती म्हणाली.

*

गुरुवारी सात वाजायला आले तशी राधा म्हणाली, "काय गं, तुझी तक्रार नाही आली अजून?"

"गप गं तू."

फोन वाजला.

"नेट गेलंय," निहार म्हणाला.

प्रत्येक गिऱ्हाइकाची वायर चालू आहे की मेलेली, हे अनुपमाला तिच्या स्क्रीनवर दिसत असे. तिने पाहिलं. निहारच्या नावापुढे हिरवा ठिपका होता. चांगला ठसठशीत. नेट गेलंच नव्हतं.

तिने राधाकडे पाठ केली.

"हो का..." ती म्हणाली. "मग वायर काढून बघा."

"काढली."

"लावा."

"लावली. तुम्ही कसे आहात... म्हणजे, तुमचा दिवस?"

बारा मिनिटं ती दोघं बोलली. त्यातच त्याने तिचं नाव काढून घेतलं. त्याने सांगितलं की आज चहा त्याचा त्यानेच केलाय आणि तो भांडी घासायच्या पाण्यासारखा लागतोय, कारण आई देवळात गेली आहे, आठ वाजता येईल. घराला महिन्याभरापूर्वी गणपतीसाठी म्हणून लवकरच रंग दिलाय आणि आई भिंतीला बोटसुद्धा लावू देत नाही. तिने सांगितलं की तिला पाऊस आवडतो, पण ऑफिसची छत्री नाही. 'म्हणजे काय?' असं त्याने विचारलं, तेव्हा तिलाही ते नीट सांगता येईना, आणि दोघं हसत बसली.

फोन ठेवल्यावर गालातलं हसू तसंच होतं, पण डोकं चालायला लागलं. सोमवार, मंगळवार, बुधवार. सात ते सात-वीस. आणि आज नाही. आज वेगळं काय होतं? आज आई घरी नव्हती.

*

एरवी आठपर्यंत असणारी अनुपमाची पाळी त्या शुक्रवारी सातलाच संपत होती. ती उठली नाही. सातला पाच कमी असताना तिने आपण होऊन फोन लावला. तक्रार उघडी असेपर्यंत तेवढी मुभा होती.

"तास सुरू करा," ती म्हणाली. "फोन चालू ठेवा आणि खोलीच्या दारात, जमिनीवर ठेवून द्या. माझ्याशी बोलायचं नाही. मला तुमचं घर ऐकायचंय."

"घर ऐकायचंय?"

"सर, ठेवा ना."

तिने कान दाबून धरला. निहारचा आवाज लांबून येत होता, 'एका पोळीचे चार भाग केले तर...' कुकरची शिट्टी झाली. नळ बंद झाला. काडी ओढल्याचा आवाज... मग देवापुढची घंटा, बारीक. मग चपलांची फटफट, कडी सरकली आणि दार करकरत उघडत गेलं... पार भिंतीपर्यंत. ठक्.

आणि निहार ओरडला, "गेलं!"

हिरवा ठिपका विझला होता.

अनुपमा ताडकन उभी राहिली. तिच्या स्वतःच्या घरी रोज हेच चालत आलं होतं. 'तिन्हीसांजेक दार बंद ठेव नको गो, लक्ष्मी फिरान जाता.' दिवा लावायचा, वीसेक मिनिटं दार सताड उघडं ठेवायचं, मग लोटून घ्यायचं. दिवसभर बंद असणारं दार फक्त तेवढा वेळ भिंतीला टेकतं. दशरथने सकाळी अकराला ते बघावं तरी कसं?

"दार!" ती फोनमध्ये ओरडली. "निहार, दार ओढा! दार वायरीवर दाबलं जातंय!"

धावणारी पावलं. दार करकरलं. ठिपका एकदा थरथरला... आणि हिरवा झाला.

"हां, तर मुलांनो," निहार धापा टाकत म्हणाला, "पोळीचे चार भाग. कुणी खाल्ला तर नाही ना?"

पलीकडे सहा मुलं खिदळली. तास बुडाला नव्हता. अनुपमा खुर्चीत बसली तेव्हा तिला कळलं, आपण मघाशी 'सर' म्हणालो नाही.

तास संपल्यावर त्याने फोन उचलला. "तुम्ही अजून आहात?"

"आहे."

"दारामागून खाली आलीय वायर. बेलच्या जुन्या भोकातून आत घेतलीय. नव्या रंगात नवं भोक आईने पाडू दिलं नव्हतं. कडीने रोज थोडी थोडी दाबून आता पार चेपलीय हो. आता आईला सांगतो, दार उघडत जाऊ नकोस."

"मुळीच सांगायचं नाही," अनुपमा जरा रागानेच म्हणाली. "त्या इतकी वर्षं उघडतात. वायर काल आली. सरकायचं ते वायरीने."



*

शनिवारी दशरथने नवी वायर चौकटीच्या वरून नेली. एक भोक पाडावं लागलं. त्यासाठी म्हातारीने त्याला दोन चहा पाजले आणि खाली पेपर धरून उभी राहिली. परत येऊन तो म्हणाला, "मॅडम, तक्रार बंद करा."

बंद करायला एक बटण होतं. अनुपमाने ते दाबायला अर्धा तास लावला. तक्रार बंद म्हणजे बंद. तिने आपण होऊन फोन करायचा नाही, गिऱ्हाइकाचा नंबर घ्यायचा नाही, असा नियम होता. शिवाय आवाजाचं काय! आवाज ऐकून माणसं काहीबाही चित्र रंगवतात. खरी अनुपमा म्हणजे चष्मा, तेल लावलेली वेणी आणि काठी मोडलेली छत्री.

सोमवारी सात वाजले. फोन आला तो म्हाडा कॉलनीतल्या काकांचा, पासवर्ड विसरले म्हणून. मंगळवारी तोही नाही. राधाने चिडवलं नाही, उलट डब्यातली वडी पुढे केली. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

बुधवारी दुपारी चारला फोन वाजला.

"तक्रार आहे," निहार म्हणाला.

तिने ठिपका पाहिला. हिरवा. "नेट चालू आहे, सर."

"तीच तक्रार आहे. चार दिवस झाले, एकदाही गेलं नाही."

अनुपमाला हसू आवरेना. "फोन रेकॉर्ड होतो आमच्याकडे."

"होऊ दे. एक कबूल करायचंय. त्या गुरुवारी नेट गेलंच नव्हतं. मी खोटं बोललो."

"माहीत आहे."

"काय?"

"तुमची वायर मला इथे दिसते. गुरुवारी हिरवीगार होती. तुम्ही खोटं बोललात, आई देवळात आहेत म्हणालात, म्हणून तर मला दार सापडलं."

तो अगदी हळू म्हणाला, "...आणि माहीत असून बारा मिनिटं बोललीस?"

'तुम्ही' गळून पडलं होतं. तिने ते उचललं नाही.

"बारा कुठे. साडेबारा."

"आई म्हणते, माझ्या दाराची बाजू घेणारी पोर बघायचीय मला."

"आईंना बघायचंय?"

"आईला... पण. आज?"

"आज सातला तुझा तास असतो ना?"

"मुलांना सुट्टी आहे. ये ना, अनुपमा."

ऑफिसची शिकवण ती कधी मोडत नसे. पण 'आणखी काही मदत हवी आहे का' हे वाक्य त्या दिवशी तिने म्हटलंच नाही. "आज पाळी सातला सुटते," एवढंच म्हणाली.

*

इमारत ऑफिसपासून सात मिनिटांवर होती. दुसऱ्या मजल्यावरचं दार सताड उघडं, पार भिंतीपर्यंत. वर चौकटीवरून नवी वायर नीट गेलेली. आत देवापुढे निरंजन. अनुपमा उंबऱ्याबाहेर उभी राहिली, मोडकी छत्री पाठीमागे लपवत. तिला वाटलं, अजून जिना उतरता येईल.

तेवढ्यात आतल्या खोलीतून एक उंच, सावळा मुलगा आला आणि जागीच थांबला. दोघं एकमेकांकडे बघत राहिली. 

"लागलं का?" शेवटी तीच म्हणाली.

त्याचा हात आपोआप डोक्याकडे गेला. मग तो हसला. तेच हसू... फक्त आता त्याला डोळे होते.

स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत त्याची आई बाहेर आली. तिने अनुपमाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. चष्मा, वेणी आणि पाठीमागून डोकावणारी छत्रीची मोडकी काठी.

"इतकी वर्षं सातला दार उघडतेय मी," ती म्हणाली. "आज कुठे कुणी आलं! ये गं बाळा, तिन्हीसांजेची उंबऱ्यात उभी राहू नकोस."

अनुपमा आत आली. निहारने तिच्या हातून छत्री घेतली, आणि बोटं जरा जास्तच वेळ तिथे राहिली. मग गोंधळून तो दाराकडे वळला.

"लोटतो हं, आई. डास येतील."

"येऊ देत," आई म्हणाली. "आज राहू दे उघडंच."