एक ओळ पुढे

त्या दिवशी मी ग्रंथालयात गेले ती खरं तर विसरलेला चष्मा आणायला. भर दुपार, डोक्यावर ऊन, आणि चष्म्यावाचून घरातलं सगळं धूसर. म्हटलं, पटकन जाऊ, पटकन येऊ. पण संचालकांनी दारातच गाठलं.

"बरं झालं आलात, बाई. तुम्हालाच फोन करणार होतो."

माणूस असं म्हणाला की समजावं, काहीतरी आपल्या गळ्यात पडणार.

तुला आमचं ग्रंथालय ठाऊक नाही ना? ते आवाजाचं. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी आम्ही पुस्तकं मोठ्याने वाचायची आणि कानसेनने ती रेकॉर्ड करायची. कानसेन म्हणजे आमचा रेकॉर्डिस्ट. पलीकडच्या खोलीत डास गुणगुणला तरी ह्याला ऐकू जायचं, म्हणून सगळे त्याला कानसेन म्हणायचे. कथा-कादंबऱ्या वाचायला माणसांची रांग लागायची. विद्वत्तेची पुस्तकं मात्र कुणालाच नकोत. धातूंचे गुणधर्म, संगीताचं व्याकरण, मूल शिकतं कसं, पूल उभा राहतो कसा... असलं वाचायला आम्ही दोनच खुळे. एक मी, शाळेतून निवृत्त झालेली बाई. दुसरे सर. ते कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे, आणि महिन्याभरापूर्वीच झोपेत गेले होते.

"सरांचं ते ध्वनिशास्त्राचं पुस्तक अर्धवट राहिलंय," संचालक म्हणाले. "शेवटची चार प्रकरणं."

"यंत्राकडून वाचून घ्या की."

"समीकरण आलं की यंत्र बरळायला लागतं. तुम्हीच म्हणाला होतात." त्यांनी आवाज खाली आणला. "त्या शिंप्याच्या मुलीसाठी हवंय, बाई. परीक्षा तोंडावर आलीय."

ती मुलगी मला माहीत होती. जन्मापासून दिसत नव्हतं, पण कान असे की कानसेनने हात जोडावेत. वाद्यांच्या आवाजाचं शास्त्र शिकायचं म्हणत होती. आदल्या वर्षी पुस्तक वेळेवर मिळालं नाही म्हणून तिची प्रवेशपरीक्षा हुकली. पुढच्या वर्षी वयात बसली नसती. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. आता यावर नाही कसं म्हणायचं, सांग? चष्मा घेतला आणि तो जाडजूड ग्रंथही काखोटीला मारला.

रेकॉर्डिंगची खोली म्हणजे एक मोठं कपाटच. भिंतींना करडा फोम. दार लावलं की कानांत कापूस कोंबल्यासारखं व्हायचं. आत जुन्या गालिच्याचा कोंदट वास, आणि त्यात मिसळलेला लवंगेचा. घसा साफ राहावा म्हणून सर लवंग चघळायचे. तो वास इतक्या दिवसांनीही गेला नव्हता.

मी वाचायला लागले. अर्धं पान झालं असेल, काचेपलीकडून कानसेनने हात वर केला.

"बाई, वाक्य संपवून मग पान उलटा. सळसळ येतेय."

"मी पान उलटलंच नाही."

त्याने ऐकवलं. माझा आवाज एका वाक्याच्या मधोमध होता, आणि त्याच्यावर स्वच्छ ऐकू येत होतं... कागद सावकाश उचलला गेला, वळला, खाली बसला. मी अजून त्या पानाच्या तळाशी पोचलेही नव्हते.

पुन्हा वाचलं, आणि पुन्हा तेच झालं.

काय काय नाही केलं आम्ही! माइक बदलला, वायर बदलली, खुर्ची बदलली, पंखा बंद करून घामाने निथळत वाचलं. शेवटी मी पानांच्या झेरॉक्स काढल्या आणि समोरच्या फोमवर टाचण्यांनी टोचल्या. म्हटलं, आता उलटायला पानच नाही, बघू काय वाजतं. तरीही वाजलं. आठवडा उलटला आणि एक प्रकरणही धड होईना. घरी गेले की डोकं ठणकायचं. इतकी वर्षं पोरांवर ओरडून कमावलेला आवाज, तो एका कागदाच्या सळसळीने मातीमोल करावा?

"तुमच्या कपड्यांची सळसळ असेल," कानसेन एकदा चाचरत म्हणाला.

"मी काय कागद नेसून येते का रे?"

तो हसला नाही. बराच वेळ बटणांशी चाळा करत बसला. मग म्हणाला, "बाई, एक ऐकवू? सरांचं शेवटचं रेकॉर्डिंग. मी ते अजून कापलेलं नाही."

त्याने मला हेडफोन दिले.

सरांचा तो संथ, गोल आवाज. ताणलेली तार, तिची लांबी, तिचं कंपन. ऐकता ऐकता बरं वाटलं. मग वाक्याच्या मध्येच तीच सळसळ. सर थांबले. मग थोडे चिडून म्हणाले, "अहो, जरा थांबा की. मी वाचतोय ना."

त्यानंतर नुसती शांतता. आणि मग सर इतक्या बारीक आवाजात बोलले की मला ते सर वाटेचनात.

"बरं... वाचा तुम्ही."

पुढे टेपवर काहीच नव्हतं. एक पान वाचायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ काहीच नाही. मग सरांनी एकदम पुढच्या पानापासून सुरुवात केली.

"मला वाटलं, सर गंमत करतायत," कानसेन म्हणाला. "एकटेच होते हो ते आत..."

भीती वाटली, नाही कशाला म्हणू? पण खरं सांगायचं तर भीतीहून संताप मोठा होता. परीक्षेला जेमतेम आठवडा राहिलेला, तिकडे ती पोर वाट बघतेय, आणि इथे हे असलं काहीतरी माझ्या कामात पाय घालतंय! मी टाचण्या उपटल्या, ग्रंथ उचलला आणि संचालकांच्या खोलीत जाऊन त्यांच्या टेबलावर दाणकन आपटला.

"तुमची खोली तुम्हाला लखलाभ. मी त्या मुलीच्या घरी जाऊन वाचते. माइक नको, फाइल नको, काही नको."

दिवा जरा इकडे सरकव ग. हं, आता ठीक आहे.

शिंप्याचं दुकान आणि घर एकच. पुढच्या खोलीत मशीन, कापायचं लांब टेबल, सगळीकडे चिंध्या आणि इस्त्रीचा उबदार वास. मुलगी खिडकीशी ब्रेलची पाटी घेऊन बसायची. मी वाचलेलं महत्त्वाचं असेल ते टोचणीने जाड कागदावर टोचत जायची, टिक टिक टिक टिक.

"बाबा, मशीन थांबवा ना थोडं," ती म्हणायची, आणि तो बिचारा हातातलं काम टाकून गप्प बसायचा. गिऱ्हाईक आलं तर त्यालाही खुणेनेच थांबवायचा. रोज दुपारी एवढ्या वेळाची कमाई सोडत होता, पण कधी चेहऱ्यावर दाखवलं नाही.

आणि काय सांगू, वाचन असं सुरळीत झालं! पानं मीच उलटत होते, दुसरा कसलाही आवाज नव्हता. समीकरणं तिला माझ्याआधी समजायची. एकदा मी वर्गमूळ खाल्लं तर तिने हसून मला पकडलं. तीन प्रकरणं अशी झाली की मला माझ्याच भित्रेपणाची लाज वाटायला लागली.

शेवटच्या प्रकरणाच्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. खोलीत अंधारलेलं. मी पुस्तक डोळ्यांजवळ धरून वाचत होते आणि मला काहीतरी खटकत होतं. काय ते कळेना. मग लक्षात आलं. माझं वाक्य चालू असायचं आणि तिची टोचणी आधीच थांबलेली असायची. मी नवा शब्द उच्चारायच्या आधी ती तो लिहून मोकळी होत होती.

"तू माझ्याआधी कशी लिहितेस ग?" मी विचारलं.

"आधी कुठे? ते वाचतायत तसं लिहितेय."

"ते...?"

"सर." तिने माझ्या डाव्या बाजूला तोंड वळवलं. तिथे कापायचं टेबल होतं आणि त्यापुढे एक रिकामं स्टूल. "तुमच्याबरोबर रोज येतात की. मला वाटलं, तुम्हाला समीकरणं अडतात म्हणून ते आधी सांगतात आणि मग तुम्ही मोठ्याने वाचता. एक ओळ पुढे असतात."

सरांचा आवाज तिने आधीच्या प्रकरणांतून ऐकलेला; ते गेले, हे मात्र तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिच्या बापालाही ठाऊक नसावं. तो माझ्याकडे बघत अर्धवट उठला. "काय झालं, बाई? पाणी देऊ?"

काय सांगणार होते मी? दोन दिवसांवर परीक्षा. पोरीच्या डोक्यात भलतं काही शिरलं असतं तर हातातोंडाशी आलेलं सगळं गेलं असतं. मी नको म्हणून हात हलवला, आणि वाचत राहिले. ओठ कोरडे, अक्षरं नाचतायत, डाव्या कानापाशी गार गार काहीतरी, आणि त्यात तो वास... लवंगेचा. डावीकडे बघायचं नाही, एवढंच ठरवलं होतं. एकदाचं शेवटचं वाक्य आलं. मी पुस्तक मिटलं.

"संपलं ग पोरी."

मुलीने बोट वर केलं. ऐकत होती. मग म्हणाली, "ते विचारतायत, आता कुठलं?"

"काय कुठलं?"

"पुस्तक. आता पुढे कुठलं वाचायचं."

मी नाही नाही अशी मान हलवत राहिले. न दिसणाऱ्या मुलीपुढे मान हलवतेय, एवढंही भान नव्हतं मला. आणि ती गुणी पोर, वडीलधाऱ्यांना उत्तर द्यावं तसं त्या स्टुलाकडे तोंड करून म्हणाली, "शिक्षणशास्त्राचा मोठा ग्रंथ राहिलाय, सर. खूप जण वाट बघतायत त्याची."

मग तिने कपाळाला आठी घातली आणि माझ्याकडे वाकून हळूच म्हणाली, "सरांचा आवाज किती दमलाय हो. आत्ता म्हणाले, 'आता मला सोडा.' पण... मला नाही म्हणाले ते. तुम्हालाही नाही. आणखी कुणाला तरी."

मी तशीच उठले. छत्री विसरले ती कायमची.

मुलगी पास झाली. चांगले गुण मिळाले. शिकायला लांब गेली, अधूनमधून तिचा फोन येतो. पण त्या दुपारबद्दल तिने पुन्हा काही विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. संचालकांना मी कळवून टाकलं, घसा गेला, डॉक्टरांनी वाचायला बंदी केलीय. त्यांना वाईट वाटलं, पण त्यांनी ते मानलं. कितीतरी दिवस मी त्या रस्त्यालाही गेले नाही. घरात साधं औषधाच्या बाटलीवरचंसुद्धा मनातल्या मनातच वाचायचे.

मग एका सकाळी संचालकांचा फोन आला. आवाजात नुसता आनंद.

"बाई, घसा बरा झाल्याचं कळवलंसुद्धा नाहीत! आणि शिक्षणशास्त्राची पहिली दोन प्रकरणं गुपचूप वाचून देऊन गेलात? तुमचे आभार कसे मानू?"

मी गेले. जावंच लागलं. कानसेन एकटाच होता.

"मी काल दिवसभर रजेवर होतो," तो म्हणाला. "आलो तर फाइल तयार. म्हटलं, बाई स्वतःच मशीन लावून वाचून गेल्या. भेटल्या असत्या तर बरं झालं असतं."

त्याने हेडफोन पुढे केले. आवाज माझाच होता. वाक्याच्या शेवटी शाळेतल्यासारखा जोर देते ना मी, तसाच. 'विश्लेषण' म्हणताना जीभ किंचित अडखळते, तीही तशीच अडखळली. मागे कसली सळसळ नाही, खाकरणं नाही, चूक नाही. पानामागून पान, पानामागून पान...

"इतकं स्वच्छ तुम्ही आजवर कधी वाचलं नाहीत," कानसेन म्हणाला. "मला एक जागा कापावी लागली नाही." मग त्याने मान खाजवली, पडद्यावरची ती लांबलचक रेघ बोटाने मागे-पुढे केली आणि अगदी साधेपणाने विचारलं,

"एकच सांगा, बाई. यात तुम्ही श्वास कुठे घेताय?"