पाचवी खळगी

वंध्यत्व उपचार केंद्राच्या लॅबमध्ये बाईंची बावीस वर्षं गेली होती. सगळे त्यांना बाईच म्हणत. कुठला भ्रूण तग धरणार आणि कुठला मान टाकणार, हे त्या मायक्रोस्कोपला डोळा लावून चटकन सांगत. त्यामुळे डॉक्टरांनी कॅमेरा बसवलेला नवा इन्क्युबेटर आणला आणि भ्रूणांची पारख यापुढे कृत्रिम बुद्धिमत्ता करणार असं जाहीर केलं, तेव्हा बाईंच्या कपाळावर आठी चढली ती उतरलीच नाही. यंत्र डिशमधल्या एकेका खळगीचे दिवसभर फोटो काढायचं आणि दहापैकी गुण द्यायचं. बाईंनी त्याचं नाव 'मास्तर' ठेवलं.

"काय म्हणतायत आज मास्तर?" सकाळी कोट चढवता चढवता त्या सिस्टरला विचारायच्या. "आयुष्यात एक तरी बाळ मांडीवर घेतलंय का म्हणावं त्यांनी?"

सिस्टर तोंडावर हात धरून हसायची. डॉक्टर ऐकू न आल्यासारखं करायचे.

त्या आठवड्यात शाळेत भूगोल शिकवणारी एक पेशंट होती. दोन्ही गर्भनलिका शस्त्रक्रियेत काढून टाकलेल्या, दोन प्रयत्न वाया गेलेले, हा तिसरा आणि तिच्या मते शेवटचा. तिची चार बीजं फलित झाली. बाईंनी ती स्वतःच्या हातांनी डिशच्या पहिल्या चार खळग्यांत ठेवली. पाचवीत नुसतं पोषकद्रव होतं.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी पाचव्या खळगीला तीन गुण दिले.

"कोऱ्या पेपरला तीन मार्क!" बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग त्यांनी पडद्यावर फोटो उघडला. तिथे दोन पेशी होत्या, एकमेकींना बिलगलेल्या, कडा अगदी स्वच्छ. त्यांनी डिश काढून मायक्रोस्कोपखाली धरली. थेंब कोरा होता.

तिसऱ्या दिवशी फोटोत आठ पेशी, गुण सात. बाईंनी कंपनीच्या इंजिनिअरला फोन लावला.

"मॅडम, शेजारच्या खळगीची सावली पडत असेल," तो म्हणाला.

"शेजारचा भ्रूण कालच मेलाय. मेलेल्याची सावली वाढते का हो तुमच्याकडे?"

तो अपडेट पाठवतो म्हणाला आणि त्याने फोन ठेवून दिला. असल्या लोकांच्या भरवशावर जग चाललंय, बाई सिस्टरला म्हणाल्या.

चौथ्या दिवशी त्यांनी पाचव्या खळगीतलं सगळं द्रव ओढून फेकून दिलं आणि ताजं घातलं. पुढचा फोटो आला. ते तिथेच होतं. फक्त मधून सरकून कडेला गेलं होतं, कुणी अंगावर धावून यावं आणि आपण अंग चोरून घ्यावं, तसं.

गुण नऊ.

पाचव्या दिवशी चारही भ्रूण संपले होते. मास्तरांनी पाचव्या खळगीला नऊ पूर्णांक आठ दिले.

"पाचवा घ्या," डॉक्टर म्हणाले. नजर पडद्यावरून हटली नव्हती.

"तिथे काहीच नाहीये. एकदा मायक्रोस्कोपमध्ये बघा तरी."

"मी फोटो बघतोय ना." डॉक्टर हसले. "बाई, बावीस वर्षं डोळे ताणलेत. आता द्या त्यांना विश्रांती."

बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. ठीक आहे. पंधरा दिवसांनी रिपोर्ट निगेटिव्ह येईल, तोच कागद मास्तरांच्या तोंडावर चिकटवीन. त्यांनी कोरा थेंब नळीत ओढला आणि डॉक्टरांच्या हातात दिला.

टेबलावरच्या पेशंटने बाईंचं मनगट धरलं. "बाई, चांगलं आहे ना हो?"

"पैकीच्या पैकी," बाई म्हणाल्या.

तिच्या नवऱ्याने डोळे पुसले. तेव्हा कुठे बाईंना स्वतःची किळस आली. थेंब केव्हाच आत गेला होता.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला.

डॉक्टरांनी मास्तरांचा फोटो केंद्राच्या माहितीपत्रकावर छापला. बाईंनी केंद्रातली एकूण एक डिश, गोठवलेल्या भ्रूणांची एकूण एक नोंद तीन-तीनदा तपासली. कुणाचाही भ्रूण कमी नव्हता.

पाचव्या महिन्यात बाईंनी ठरवलं, त्या पेशंटला खरं सांगून टाकायचं. ती सोनोग्राफीला आली त्या दिवशी त्या दार ढकलून आत गेल्या.

पेशंटने हसून हात पुढे केला. बाईंनी तो धरला.

"सगळं उत्तम आहे," सोनोग्राफीवाल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फक्त चेहरा दाखवत नाही. मघापासून पाठ करून बसलंय."

पडद्यावर हालचाल झाली. पाठ वळली. चेहरा समोर आला.

बाई हात सोडवून पलंगाला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेल्या.

चेहरा त्या बाजूला वळला.

त्या परत आल्या. तोही परत आला.

"कळतं हो त्यांना," डॉक्टरीणबाई कौतुकाने म्हणाल्या. "ओळखीचा आवाज आला की वळतात."

बाई आत आल्यापासून एक शब्दही बोलल्या नव्हत्या.